सोडावयाचे विमान

मराठी भाषेतील क्रियापदे मोठी चोखंदळ आहेत. आपण गाडी हाकतो, होडी वल्हवितो, घोडा दौडवितो आणि पतंग उडवितो. या साऱ्या व्यवहारांत कासरा, वल्हे, लगाम किंवा मांजा असे काहीतरी शेवटपर्यंत आपल्या हाती असते. परंतु त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या पात्रात द्रोणातला दिवा आपण चालवीत नाही की वल्हवीत नाही. आपण तो सोडतो. वळवाच्या पावसात रस्त्याच्या कडेने लोंढा वाहू लागला म्हणजे मुले कागदाच्या नावा सोडतात. सोडलेल्या वस्तूचे पुढे काय व्हावयाचे ते पाणी ठरविते, वारा ठरवितो. आपण काठावर उभे राहून पाहावयाचे, इतकेच.

बाल्सा नावाच्या लाकडाचे जे लहानसे विमान हौशी मंडळी घरी तयार करतात, ते या दुसऱ्या जातीचे होय. त्यास इंजिन नसते, बिनतारी यंत्राची आज्ञा त्यास ऐकू येत नाही, आणि आत कोणी बसलेलाही नसतो. जे काही शहाणपण त्यास द्यावयाचे, ते जमिनीवर असतानाच द्यावयाचे. हल्ली लग्नकार्यांत वधूवरांच्या डोक्यावर घोंघावणारी ड्रोन नावाची यंत्रे पाहून ज्यांची दृष्टी तयार झाली आहे, त्यांस असले विमान मागासलेले वाटण्याचा संभव आहे. आम्हांस ते फार पुढारलेले वाटते. ज्याला क्षणोक्षणी सांगावे लागते त्यापेक्षा ज्याला एकदा सांगून भागते तो विद्यार्थी अधिक शिकलेला, असे म्हणण्याचा अधिकार निदान शिक्षकाच्या पेशात तीस वर्षे काढलेल्या माणसास तरी असावा.

आमचा धंदा इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. त्यात हातांना काम म्हणजे खडू धरणे आणि उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईने खुणा करणे. तेव्हा विमानाशी आमचा संबंध आला तो आमच्या धाकट्या कन्येमुळे. दिवाळीच्या सुट्टीत ती लहानपणी अंगणात किल्ला करी. पन्हाळा, विशाळगड आणि एके वर्षी बुरुजांसह सिंधुदुर्ग असे किल्ले आमच्या दारात उभे राहून गेले आहेत. बारावीच्या वर्षी मात्र किल्ल्याचे वय सरले होते आणि अभ्यासाचा कंटाळा तर आला होता. अशा वेळी तिने टपालाने एक लांबट पुडके मागविले. परीक्षा झाल्यावर पुढील शिक्षणासाठी बंगळूरला जावयाचे, असे तिने मनाशी ठरविले होते. या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष होते, आणि चमत्कार असा की दोन्ही पक्षांत आम्हीच होतो. आमच्या सौभाग्यवतींचे मत सरळ होते. त्या म्हणत, "अहो, गोष्टी सांगून सांगून तुम्हीच तिला लहानपणापासून जगभर हिंडवलंत. आता बंगळूर तेवढं लांब वाटतंय होय?" यावर आमच्यापाशी उत्तर नसे, म्हणून आम्ही पुडके सोडावयास मदत करू लागलो.

पुडक्यातली फळी हातात घेतली तेव्हा ती लाकडाची आहे यावर विश्वास बसेना. लग्नातले बाशिंग ज्या भेंडाचे करतात, त्या भेंडाची आठवण व्हावी इतकी ती हलकी. बाल्साचे झाड दक्षिण अमेरिकेतले. जगातला बहुतेक बाल्सा आजही इक्वेडोर देशातून येतो. आपल्याकडील काटेसावरीचे ते दूरचे भावंड, आणि सावरीप्रमाणेच त्याच्या बोंडांतूनही कापूस निघतो. ते वाढते असे झपाट्याने की पाच-सात वर्षांत तोडणीस येते. एक घनमीटर सागवान सहाशे किलोंच्या पुढे भरते, तर तेवढाच बाल्सा सरासरीने १६० किलोंच्या आसपास. तरीही वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत रुंद पानांचे झाड म्हणून त्याची गणना टणक लाकडांत होते. शास्त्रीय परिभाषा कधी कधी पंचांगाइतकीच विनोदी असते. स्पॅनिश भाषेत 'बाल्सा' म्हणजे तराफा. १९४७ साली थोर हायरडाल याने बाल्साच्या नऊ ओंडक्यांचा 'कोन-टिकी' नावाचा तराफा बांधून पेरूच्या किनाऱ्यावरून पॅसिफिक महासागरात लोटला, आणि १०१ दिवसांनी तो पॉलिनेशियाच्या एका प्रवाळबेटास जाऊन लागला. दुसऱ्या महायुद्धातले 'मॉस्किटो' हे इंग्रजी विमान पातळ लाकडी पापुद्र्यांच्या मध्ये बाल्सा घालून केलेले होते. आज पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यातही तो घालतात. एवढ्या पराक्रमी कुळातली ती फळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पडली होती, आणि पंख्याच्या वाऱ्याने हळूच सरकत होती.

विमान अगदी साधे. पंख पाऊण मीटर लांब, साडेसात सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड; मध्ये पट्टीसारखे धड; मागे एक आडवी आणि एक उभी अशा शेपटाच्या दोन फळ्या. सारे मिळून वजन सत्तर ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे. प्रथम नकाशा फळीवर टाचण्यांनी बसवावयाचा आणि गोंद नकाशास चिकटू नये म्हणून त्यावर मेणकागद पसरावयाचा. कापावयास सुरी चालत नाही. दाढीचे नवे पाते लागते, आणि तेही एका दमात न दाबता तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवावे लागते. लाकडाच्या रेषा सरळ धावत असतील तेथे पाते आपोआप रेषेबरोबर पळू पाहते. आपली रेघ एकीकडे आणि लाकडाची दुसरीकडे, असा तंटा उभा राहिला म्हणजे हात आवरून पट्टी घट्ट धरावी लागते. नंतर काचकागदाने पंखाची पुढची कड गोलसर आणि मागची कड पातळ करावयाची. या घासण्यास तीन संध्याकाळी लागल्या. बाल्साचा भुसा पिठाहून बारीक. तो चष्म्यावर बसे, चहात पडे, आणि सौभाग्यवतींच्या म्हणण्याप्रमाणे देवघरातही पोहोचे.

पंख सपाट ठेवावयाचा नसतो. तो मध्ये कापून दोन्ही टोके पाच-पाच सेंटिमीटर वर उचलून पुन्हा सांधावयाचा असतो. यातच त्या सुकाणूवाचून चालणाऱ्या विमानाचे अर्धे शहाणपण आहे. वाऱ्याच्या झुळुकीने विमान एका बाजूस कलले की ते त्या बाजूस घसरू लागते. घसरताना खाली गेलेल्या पंखास हवा अधिक तिरपी लागते, त्याची उचल वाढते, आणि विमान आपले आपण सावरते. कोणी सांगावयास नको, कोणी धरावयास नको. केवळ दोन फळ्यांमधील एका कोनाने हे साधते, ही गोष्ट प्रथम समजली तेव्हा आम्हांस एखाद्या उत्तम सुनीताच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्यासारखे झाले.

आमच्या वर्गातल्या सुशिक्षित घरांची एक गंमत आहे. मुलाने भूमितीतला कोन काढला तर त्याचे कौतुक होते, तोच कोन त्याने लाकडात काढला तर "आता काय सुतार होणार का?" असे विचारले जाते. कोल्हापुरात राहून असे विचारणे तर फारच कृतघ्नपणाचे. याच गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा विकत आणण्याची वाट न पाहता तो घरी तयार केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्यापाशी पदवी नव्हती. लेथ होते, ब्रश होता, आणि वस्तू हाताळून समजून घेण्याची विद्या होती. आजही उद्यमनगरात एखादा मिस्त्री ओतीव भागाचा आवाज ऐकून त्यातली चीर ओळखतो. आमच्या महाविद्यालयात मात्र हातांचे काम परीक्षेच्या तीन तासांत संपते. आमच्या कन्येने पाते धरले तेव्हा आम्हांस जे समाधान वाटले, त्यात या जुन्या उणिवेची फेड होत असल्याची भावनाही थोडी होती.

अशी लहान विमाने म्हणजे खेळणी, असा समज आहे. पण मोठी विमाने या खेळण्यांच्या पोटी जन्माला आली आहेत. १८०४ साली इंग्लंडात जॉर्ज केली याने एका काठीवर पतंग बसविला, मागे हलविता येणारे शेपूट लावले, पुढे वजन मागेपुढे सरकविण्याची सोय केली, आणि ते टेकडीवरून सोडून दिले. आज आम्ही जे टेबलावर जुळवीत होतो, त्याचा मूळपुरुष तोच. १८७१ च्या ऑगस्टात आल्फोंस पेनो या तरुण फ्रेंच गृहस्थाने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे हातभर विमान पॅरिसच्या त्विलरी बागेत ११ सेकंद उडविले. त्याने ४० मीटर अंतर कापले. त्याच्याच धर्तीचे रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांस आणून दिले. मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

येथे आमच्या वाचकांच्या मनात चौपाटीचे नाव आले असेल. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विनामाणसाचे विमान उडविले, ही कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ती खरी ठरली तर आमच्याइतका आनंद दुसऱ्या कोणास होणार नाही. परंतु त्या दिवसाचा निर्विवाद असा समकालीन पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा या संदर्भात हवाला देतात, त्यातील यंत्रे उडूच शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासून दाखविले आहे. याच्या उलट अमेरिकेत सॅम्युअल लँग्ले याचे वाफेवर चालणारे विनामाणसाचे विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले, तेव्हा काठावर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल उभा होता आणि त्याने त्याचे छायाचित्र घेतले. सोडलेल्या विमानामागे कोणीतरी डोळे उघडे ठेवून उभे असावे लागते, आणि पाहिलेले टिपून ठेवावे लागते. अभिमान पुढे केव्हाही बाळगता येतो.

असो. विमान जुळले, पण अजून ते शिकले नव्हते. पंचगंगेच्या पलीकडे, पन्हाळ्याच्या वाटेवर, एका गावचे मोकळे गायरान आहे. तेथे आम्ही भल्या सकाळी जाऊ लागलो. उजळाईवाडीकडची माळराने सोयीची होती, परंतु तेथे १९३९ साली राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत झालेला विमानतळ आहे, आणि खऱ्या विमानांच्या वाटेत असले काही सोडू नये हे उघडच आहे. पहाटे वारा पडलेला असतो आणि गवत गुडघाभर असते. पडणाऱ्यास दोन्ही गोष्टी उपकारक.

प्रथम गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांची टोके टेकवून विमान तोलावयाचे. शेपूट खाली जात असेल तर नाकावर चिकणी माती लावावयाची. ही माती म्हणजे मुलांच्या हस्तकलेच्या तासाला मिळते ती, तेल घालून मळलेली, कधी न वाळणारी. मग खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, भाला फेकल्यासारखे नव्हे तर फूल वाहिल्यासारखे सोडावयाचे. पहिल्या खेपेस त्याने नाक वर केले, वेग गमावला, क्षणभर हवेत थबकले, मग गचकन खाली आले. पुन्हा नाक वर, पुन्हा गचका. याचा अर्थ नाक हलके. वाटाण्याएवढी माती वाढविली तर ते थेट गवतात घुसले. म्हणजे नाक जड. अर्धा वाटाणा काढला. कन्येने वहीत प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवली होती: माती किती, पावले किती, गचके किती. सतराव्या खेपेस विमान हातातून निघाले आणि गवताच्या शेंड्यांवरून, जणू कोणी अदृश्य तबक धरून चालले आहे असे, चाळीस पावले जाऊन टेकले. आम्ही दोघेही काही बोललो नाही. दवाने आमचे धोतर पोटऱ्यांपर्यंत भिजले आहे हे त्यानंतर लक्षात आले.

डाव्या पंखात वाक आला आहे असे तिसऱ्या दिवशी दिसले. ओल्या हवेत लाकूड असे मुरडते. त्यावर उपाय स्वयंपाकघरातला: चहाच्या आधणाची वाफ पंखास द्यावयाची, उलट्या दिशेने हलकेच पीळ द्यावयाचा, आणि थंड होईपर्यंत धरून ठेवावयाचे. उभ्या शेपटाची मागची कड केसभर डावीकडे वळविली, म्हणजे विमान सरळ निघून न जाता डावीकडे मोठी वर्तुळे घेऊ लागले.

पुढे दोरी आली. पोटाखालच्या आकड्यात कडी अडकवून पन्नास मीटर दोरीने विमान पतंगासारखे वाऱ्याविरुद्ध चढवावयाचे. ते डोक्यावर आले की दोरी सैल करावयाची. कडी निसटते, तिच्याशी बांधलेली चिंधी फडफडत खाली येते, आणि विमान एकटे राहते. कन्या धावे, आम्ही विमान धरून उभे राहू. वय पाहता ही कामाची वाटणी रास्त होती.

पतंगाची आणि या विमानाची जात वेगळी, हे येथे उमगते. पतंग उंच जातो तसतशी मांज्याची ओढ वाढते. बोट कापेपर्यंत तो आपणांस सांगत असतो की मी तुझा आहे. कडी निसटल्यावर हातात दोरी उरते, आणि तिला अजिबात ओढ नसते. पहिल्या काही दिवसांत ती ढिली दोरी गुंडाळताना आम्हांस विनाकारण चुकल्या-चुकल्यासारखे होई.

दिवस वर आला आणि माळ तापू लागला म्हणजे निराळाच खेळ सुरू होतो. तापलेल्या जमिनीवरची हवा फुगते, सुटते आणि लोटासारखी वर चढते. ती डोळ्यांस दिसत नाही. दाखवितात त्या घारी. पंख न हलविता घार ज्या जागी गोल गोल फिरत चढते, तेथे तो लोट असतो. डावीकडे वर्तुळे घेणारे विमान अशा लोटात सापडले तर तेही घारीबरोबर चढत जाते, आणि वाऱ्याबरोबर मैलोगणती वाहून जाते. हौशी मंडळींनी यावर जुनाच तोडगा काढलेला आहे. आडवे शेपूट रबराने दाबून बांधावयाचे आणि त्या रबरात मंद जळणारी वात अडकवावयाची. ठरल्या वेळी वात रबर जाळते, दुसऱ्या रबराच्या ओढीने शेपटाची मागची कड झटक्याने वर उचलली जाते, विमानाची उचल मोडते, आणि ते पोटावर आडवे, पायऱ्या उतरणाऱ्या म्हाताऱ्याप्रमाणे, सावकाश खाली येते. वातीऐवजी आम्ही उदबत्ती योजिली. खोलीत एक सेंटिमीटर जळण्यास सुमारे दोन मिनिटे, वाऱ्यात त्याहून कमी, हे कन्येने घड्याळ लावून काढले. ठिणगी गवतात पडू नये म्हणून उदबत्ती अॅल्युमिनियमच्या नळीत बसविली.

या उदबत्तीवरून आमचे बिनसले. कन्येस ती नको होती. तिचे पहिले कारण सयुक्तिक होते: ऑक्टोबरच्या उन्हात गवत दिवसेंदिवस वाळत चालले होते, आणि नळी असली तरी विस्तव तो विस्तव. आम्ही म्हटले, मग दुपारी उडवावयाचेच नाही. तेव्हा तिने दुसरे कारण काढले. "बाबा, सगळं त्याला शिकवलं. वळायला शिकवलं, सावरायला शिकवलं. आणि आता ते नीट उडायला लागलं की त्याचं शेपूट मोडायचं, ते कशाला?"

"परत यायला नको का?" आम्ही म्हणालो.

"यायलाच पाहिजे असं आहे का?"

वाद विमानाचा चालला होता हे दोघांसही ठाऊक होते, आणि केवळ विमानाचा नव्हता हेही ठाऊक होते. मुलीच्या फोनवर ती कोठे आहे ते घरबसल्या पाहता येण्याची सोय हल्ली असते, आणि आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत ती चालू असते. बंगळूरचे ठरल्यापासून ती सोय कशी चालू करतात याची चौकशी आम्ही एका विद्यार्थ्यापाशी केली होती. कन्येस ते कळले होते. उदबत्ती ही त्या सोयीची धाकटी बहीण, एवढे समजण्याइतके वाङ्मय आम्ही शिकविले आहे.

चार दिवस उदबत्ती लावून विमान उडाले, आणि ठरल्या वेळी शहाण्यासारखे खाली आले. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ती लावावयाची नाही असे ठरले. आमची अट एकच: पंखाच्या खालच्या बाजूस नाव, पत्ता आणि फोनचा आकडा न पुसणाऱ्या शाईने लिहावयाचा. हा रिवाज जगभरच्या विमान सोडणाऱ्यांत आहे, आणि त्यात परत बोलावण्याचा हट्ट नसून केवळ ओळख असते. कन्येने तो सुवाच्य अक्षरांत लिहिला.

त्या दिवशी अकराच्या सुमारास गायरानाच्या पूर्व कडेला दोन घारी फिरू लागल्या. कन्या धावली, विमान चढले, कडी निसटली. पहिली दोन वर्तुळे ते नेहमीप्रमाणे उतरत गेले. तिसऱ्यात डावा पंख जरा दचकला, आणि मग उतरणे थांबले. वर्तुळ तेवढेच, पण प्रत्येक फेरीस ते थोडे वर दिसू लागले. घारींपैकी एक जवळ येऊन त्याला निरखून गेली. वारा पश्चिमेकडे वाहत होता. विमान फिरत फिरत जोतिबाच्या डोंगराच्या रोखाने सरकत होते, आणि खाली मैलभर उसाचे रान होते. ऊन पंखावर पडे तेव्हा ते चमके, पाठ फिरवी तेव्हा नाहीसे होई. चमकणे आणि नाहीसे होणे असे चालले असता एकदा नाहीसे झाले ते पुन्हा चमकले नाही. नऊ मिनिटे झाली होती. कन्येने वहीत ती नोंद केली. 'पावले किती' या रकान्यात तिने आडवी रेघ ओढली. दोरी गुंडाळण्याचे काम आमच्याकडे होते. ती गुंडाळताना आमचे डोळे पाण्याने भरले होते. इतका वेळ उन्हाकडे पाहिल्यावर ते भरावयाचेच.

उसात शोध करण्यात अर्थ नव्हता. ऑक्टोबरात ऊस दोन पुरुष उंच असतो, त्याची पाने अंग कापतात, आणि आत शिरलेल्यास चार हातांपलीकडचे दिसत नाही. दिवाळी संपली, महाविद्यालय सुरू झाले, कन्येच्या अभ्यासाची घाई झाली. फोनवरच्या त्या सोयीविषयी आम्ही पुन्हा कोणापाशी चौकशी केली नाही.

डिसेंबरात एके संध्याकाळी अनोळखी आकड्यावरून फोन आला. "सर, तुमचं इमान आमच्या फडात घावलंय न्हवं. पंखावर नाव हाय तुमचं." बोलणारे गृहस्थ त्या रानाचे मालक होते. रविवारी आम्ही दोघे गेलो. दुरुस्तीची पेटी कन्येने आठवणीने बरोबर घेतली.

गायरानापासून ते रान तीन किलोमीटर भरले. ऊस अर्धा तुटला होता. बीड जिल्ह्यातून आलेली तोडणीची टोळी शेताच्या कडेला खोपटी घालून राहिली होती. बैल वाढे खात होते, मोळ्या बांधण्याचे काम चालले होते. या टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात आणि हंगाम संपेपर्यंत, चार-पाच महिने, अशाच रानोमाळ राहतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुले येतात. मुलांची शाळा गावी राहते. पाच-सहा मुले बांधावर होती, आणि त्यांत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आमचे विमान हातात धरून उभी होती.

विमान आमचे होते असे म्हणणे कठीण होते. डाव्या पंखाचे टोक मोडले होते, आणि त्यास पाचटाची काडी आधार म्हणून लावून दोऱ्याने घट्ट गुंडाळले होते. आडवे शेपूट गेले होते; त्याच्या जागी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसविला होता, आणि तो मूळ फळीहून खास जड होता. आम्ही मनात हिशेब केला: शेपूट इतके जड झाल्यावर ते गचके खाणार, दहा पावलेही जाणार नाही.

"सोड बघू," मालक म्हणाले.

मुलीने ते खांद्याजवळ धरले, नाक किंचित खाली केले, आणि सोडले. तुटलेल्या उसाच्या बुडख्यांवरून ते सरळ, संथ, एकही गचका न खाता गेले आणि पंचवीस पावलांवर टेकले. मुले ओरडत धावली. आम्ही जवळ जाऊन पाहिले. नाकावर आमच्या मातीच्या भोवती काळ्या चिखलाचा लिंबाएवढा गोळा थापलेला होता.

"दे गं, सरांचं सरांस्नी दे," मालक म्हणाले. मुलीने मुकाट्याने विमान पुढे केले. आमच्या कन्येने ते घेतले नाही. ती उकिडवी बसली आणि म्हणाली, "एवढा चिखल कसा ठरवलास?"

मुलीने प्रथम आमच्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "आदी थोडा लावला. मंग वर तोंड करून पडायचं. मंग लई लावला, तर नाकावर पडलं. मंग काढला." थोडे थांबून ती म्हणाली, "पर ते ऱ्हात न्हाई. उन्हानं वाळलं की हलकं होतंय. मंग दुपारी पुन्ना गचकं खातंय. रोज भिजवावं लागतंय."

कन्येने पेटी उघडली, आणि तेलात मळलेल्या मातीचा सबंध गोळा काढून तिच्या हातावर ठेवला. "ही वाळत नाही," ती म्हणाली. मुलीने तो दाबून पाहिला, हुंगून पाहिला. मग विमान मांडीवर आडवे घेऊन ती नाकावरचा चिखल नखाने खरवडावयास बसली.